उतार विहिरीकडे

"दादा, वास घे बरं." बहिणीने विहिरीतून नुकतीच काढलेली बादली त्याच्या नाकाशी धरली. पाण्यावर रंगीत तवंग फिरत होता.

वास घ्यायची गरजच नव्हती. तीस वर्षं रस्त्यांची डागडुजी केलेल्या मैलकामगाराला जळकं ऑइल दुरूनही कळतं.

दारापुढचा हा कच्चा रस्ता त्याच्याच ताब्यातला. धुळीने बहिणीचा दमा उसळायचा. बिचारी तोंडाला फडकं बांधून भाकऱ्या थापायची. म्हणून दर उन्हाळ्यात तो गॅरेजमधलं जळकं ऑइल आणून तिच्या दारापुढे ओतायचा. धूळ गप बसायची, आणि हा मिशीतल्या मिशीत खूश. वर पावसाचं पाणी तिच्या दारात शिरायला नको म्हणून रस्त्याला उतार दिला तो पलीकडे, विहिरीच्या अंगाला. एवढी अक्कल पाजळली होती शहाण्याने!

रस्ते खात्यातल्या नव्या इंजिनियरबाई त्याचा निरोप मिळताच आल्या. "धुळीवर खडी-मुरूम दाबून बसवायचा, कडेचं गवत राखायचं. ऑइल नाही ओतायचं, काका."

"आणि ओतलंय त्याचं काय?"

"पावसाच्या आत माती खणून काढा. विहिरीचं मात्र... काही सांगता येत नाही."

त्याने लगेच कुदळ उचलली. वीतभर माती काळी निघाली. हातभर खणलं, तरी काळीच. दुपार कलली तेव्हा तो कमरेएवढ्या खड्ड्यात उभा होता आणि खालून तोच वास येत होता. "अगं संप ना! संप एकदाची!" तो मातीवरच खेकसला, आणि कुदळ टाकून मटकन खाली बसला. आता रडू आवरेना.

बहीण कळशी घेऊन खड्ड्याच्या काठाशी आली.

"मीच नासवली गं तुझी विहीर."

ती कळशी टेकवून म्हणाली, "तू ओतायचास तेव्हा 'अजून थोडं ओत' कोण म्हणायचं, दादा? मीच ना?"

तिने तांब्या भरून खाली दिला. पाणी टेकडीपलीकडच्या नळावरचं होतं. कळशी आणता आणता तिला पुन्हा धाप लागली होती. छातीतली घरघर त्याला खड्ड्यातही ऐकू येत होती.

त्याने दोनच घोट घेतले. घसा अजून कोरडाच होता. तो उठला, आणि उरलेलं पाणी थेंबही न सांडता तिच्या कळशीत परत ओतलं.