प्रश्न तीन प्रतींत आणावा

एआय मदत कक्ष म्हणे! कसली मदत, कपाळ! पिरंगुटजवळच्या आमच्या विद्यापीठात हा कक्ष निघाला आणि मी, जया, तिथली कारकून.

प्रमुख शरदचंद्र सरांचा नियम असा, की प्रश्न तीन प्रतींत कागदावर आणायचा. मी तो मशीनला विचारायचा. उत्तराच्या प्रिंटवर सर सही करणार, मग तिसऱ्या दिवशी ते मिळणार. पोरं दारातच मोबाइलवर उत्तर काढून हसत जायची.

महिनाभर कुणी फिरकेना. शेवटी सरांनीच नियमावली जोडून रीतसर प्रश्न दिला, ‘कक्षात कुणी का येत नाही?’

मशीननं चार सेकंदांत सांगितलं, ‘लोकांना थेट विचारू द्या.’

सरांनी तिसऱ्या दिवशी त्यावर शेरा मारला, ‘उत्तर असमाधानकारक. मशीनने खुलासा तीन प्रतींत सादर करावा.’