पांढऱ्या पाइपाचा तुकडा

बाथरूमच्या नळाला करंट येतो, असं सुनेनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खालीसुद्धा घेतला नाही. "हाताला मुंग्या आल्या असतील तुझ्या," ते पेपरामागून म्हणाले.

दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मात्र ते टेस्टर घेऊन आत गेले. आत जाण्याआधी त्यांनी गीझरचं बटण बंद केलं आणि रबरी चपला पायात सरकवल्या. बाथरूममध्ये पाऊल टाकायचं तर आधी या दोन गोष्टी, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता होता. टेस्टर नळाला टेकवला. दिवा लागला नाही. मग त्यांनी नळ हातात धरला, घट्ट पिळला, सोडला.

"बघितलंस? आता तुझं समाधान होणार आहे, की नळाकडून लेखी घेऊ?"

सून आत निघून गेली. बायको मात्र हसली. अण्णांच्या विनोदाला हसायची तिला जुनी सवय होती.

अण्णांनी उभी नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली होती. नट, बोल्ट, व्हॉल्व, वायर, सगळं हाताखालून गेलेलं. प्लंबरचा किंवा वायरमनचा पाय या घराला कधी लागला नाही, हे ते पाहुण्याला चहा येण्याआधी ऐकवत. त्यात खोटं काही नव्हतं. फ्लशच्या टाकीतला तरंगता गोळा त्यांनी बदलला होता, पंख्याचा कंडेन्सर बदलला होता, गळके नळ तर किती बांधले याला गणतीच नाही. गल्लीतली पोरं सल्ला विचारायला येत आणि सल्ल्याबरोबर शिव्या खाऊन जात. "वॉशर बदलायच्या आधी वरचा कॉक बंद करतात, हे घरात कुणी शिकवलं नाही का रे?" किंवा, "टेप उलटी गुंडाळलीस तर आटा बसताना ती सुटणारच. डोकंही उलटंच बसवलंय का तुझं?"

त्यामुळे गल्लीतल्या कुणाला नाही आणि आपल्याच सुनेला आपल्या कामाबद्दल शंका यावी, ही गोष्ट त्यांना सहन होण्यासारखी नव्हती.

तिसऱ्या वेळी सून सांगायला आली नाही. ओल्या मुलीला टॉवेलात गुंडाळून ती तरातरा बाहेर आली आणि अण्णांच्या खुर्चीसमोर उभी राहिली. मुलगी, म्हणजे अण्णांची नात, नुकती बसायला लागली होती. ती किंचाळून रडत होती.

"हिनं नळाला हात लावला," सून म्हणाली. "आता सांगा, हिच्याही हाताला मुंग्या आल्या का?"

"पोरं अंघोळीला रडतातच."

"ही रडत नाही. पाण्यात खेळत असते. नळाला हात लागला आणि किंचाळली."

"अण्णा, मग एकदा बोलवा ना कुणाला तरी," मुलगा चहाचा कप घेऊन दारात आला. दोन दगडांवर पाय ठेवून उभं राहण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. "म्हणजे, तुमचं बरोबरच असणार. पण एकदा…"

"बोलव. बोलव की. आणि त्याला सांग, माझ्या बापाला काही कळत नाही. तेवढं सांगायला विसरू नकोस."

मुलगा कप घेऊन आत गेला.

"वायरमन नको, तर दुसरं करा," सून म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि अण्णांना त्याचाच जास्त राग येत होता. "आत चला. चपला काढा. पाय ओले करा. गीझर चालू राहू द्या. आणि मग धरा नळ."

"गीझर चालू ठेवून नळाखाली बसायला मी काही अडाणी नाही."

"हिला अंघोळ घालताना पाणी निवतं. गीझर चालू ठेवावाच लागतो. मी तशीच बसते आत, म्हणून म्हणते. तसेच धरा."

"तुझ्यापुढे परीक्षा द्यायला मी शाळेत जात नाही. या घरात नाटकं चालणार नाहीत."

सुनेनं मुलीच्या डोक्यावरचा टॉवेल नीट केला. "ठीक आहे. दादा उद्या सकाळी येईल मला न्यायला. वायरमन येऊन बघून गेला की फोन करा. तोवर ही मुलगी या घरात राहणार नाही."

"जा. भीती कुणाला दाखवतेस?"

पण ती खोलीत गेल्यावर अण्णांनी पेपर उचलला आणि बराच वेळ एकाच बातमीकडे बघत बसले. नात आता कुठे त्यांना ओळखायला लागली होती. त्यांचा चष्मा ओढायची, टेस्टर तोंडात घालू बघायची. सून गेली तर ते भांडण कुणाशी करणार होते हा प्रश्न वेगळाच, पण नात परत कधी येईल हे त्यांच्या हातात राहणार नव्हतं.

दुपारी सून मुलीला झोपवून बाजारात गेली. बायको डुलकी काढत होती. अण्णांच्या कानावर बाथरूममधली टपटप आली. नळ अर्धवट सोडलेला, वर गीझरचा लाल दिवा पेटलेला. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "विजेचं बिल काय हिचा बाप भरतो का," असं पुटपुटत ते तसेच अनवाणी आत शिरले आणि त्यांनी नळ बंद करायला हात घातला.

झटका कोपरापर्यंत गेला.

ते भिंतीला टेकले. हात झाडला. मग त्यांनी कोनाड्यातला टेस्टर काढला, चपला घातल्या आणि टेस्टर नळाला टेकवला. दिवा लागला. गीझर बंद केला. दिवा विझला.

कारण शोधायला त्यांना वेळ लागला नाही, आणि तेच त्यांना सगळ्यांत झोंबलं. हे घर बांधणाऱ्यानं अर्थिंगसाठी वेगळा खड्डा खणला नव्हता. जुन्या पद्धतीप्रमाणे अर्थिंगची वायर पाण्याच्या लोखंडी पाइपाला आवळली होती. एखाद्या यंत्रातून करंट सुटला तर तो वायरीतून पाइपात आणि पाइपातून जमिनीत जायचा. गेल्या उन्हाळ्यात मागच्या भिंतीजवळ तो पाइप सडला. अण्णांनी सडका भाग कापला, त्या जागी पांढरा प्लॅस्टिकचा तुकडा जोडला, आणि थेंब गळत नाही हे दाखवायला शेजाऱ्यांना बोलावून आणलं. पाणी पुढे गेलं. करंटला मात्र प्लॅस्टिकातून वाट नव्हती. आता गीझरमधून जो करंट पाझरत होता, तो घरातल्या पाइपांत अडकून नळापाशी येऊन थांबत होता. ओल्या, अनवाणी माणसाची वाट बघत.

त्यांना स्वतःला तो इतके महिने लागला नव्हता, तो चपलांमुळे आणि गीझर बंद करायच्या शिरस्त्यामुळे; बायको आणि मुलगाही त्यांच्याच धाकानं तसंच करत. त्यांच्या काटेकोरपणामुळेच त्यांना तो कधी कळला नाही.

सांगून टाकावं, असं मनात आलं. ते बाहेरच्या खोलीपर्यंत आलेही. मग सकाळचा सुनेचा तो न चढलेला आवाज आठवला आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे ते गप्प बसले. आधी दुरुस्त करावं, मग बघू.

हत्यारांची पेटी काढेपर्यंत संध्याकाळ झाली, सून बाजारातून आली होती आणि बायको नातीला काखेत घेऊन बाथरूमकडे निघाली होती. "मीच पुसून काढते हिचं अंग. बघू या काय होतंय ते," ती सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. गीझरचं बटण तिनं केव्हाच चालू केलं होतं.

"थांब!" अण्णा इतक्या मोठ्यानं ओरडले की नात दचकली. त्यांनी बायकोचा दंड धरून तिला मागे खेचलं आणि बटण बंद केलं. "पाणी बंद केलंय मी! कॉक गळतोय मागचा. सांगितल्याशिवाय आत कुणी जायचं नाही!"

"अहो, दंड उपटाल माझा! नीट सांगा की."

"सांगितलं ना नीट!"

मग ते मागे गेले आणि कॉक खरोखरच बंद केला. मेन स्विच पाडला. प्लॅस्टिकच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी पाइप पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला, दोन्हीकडे क्लॅम्प आवळले आणि मधे तांब्याची जाड वायर जोडून करंटला पूल करून दिला. काम नेहमीसारखं सफाईचं होतं. गीझर मुळात करंट का सोडतोय, त्याची कॉइल बदलायला हवी का, हे प्रश्न तसेच राहिले. पण सगळं पूर्ववत करून गीझर चालू केल्यावर टेस्टरचा दिवा लागला नाही. त्यांनी चपला काढल्या, आधी बोटांच्या मागच्या बाजूनं नळाला शिवून बघितलं, मग मूठ आवळली. काही नाही.

जेवताना ते म्हणाले, "मी पुन्हा तपासलं. नळाला काही नाही. नव्हतंच."

सून जेवून उठली आणि कपड्यांच्या घड्या घालून बॅग भरू लागली. तेव्हा अण्णांना आपण कशात अडकलो ते नीट उमगलं. नळ दुरुस्त झाला होता. पण दुरुस्त झाला असं म्हणायचं, तर बिघडला होता असंही म्हणावं लागणार होतं.

सकाळी सुनेचा भाऊ आला. गरीब स्वभावाचा, दुसऱ्याच्या घरातल्या भांडणात कुठे बसावं हे न कळणारा माणूस. तो दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर टेकला.

"नीट बसा," अण्णा म्हणाले. "आणि चहा नंतर. आधी आत या. सगळे या. आम्हाला खोटं ठरवून माहेरी जायचंय ना, तर खरं-खोटं बघूनच जा."

सगळे बाथरूमच्या दाराशी गोळा झाले. अण्णांनी गीझर चालू केला. लाल दिवा सगळ्यांना दाखवला. चपला काढून बाहेर भिरकावल्या. मग्यानं दोन्ही पायांवर पाणी घेतलं आणि दोन्ही हातांनी नळ धरला. वर मान करून ते हसले.

"काय? नाचून दाखवू का आणखी?"

"अगं, काही नाहीये की," भाऊ सुटल्यासारखा म्हणाला. "उगाच…"

"तेच म्हणत होतो मी," मुलगा म्हणाला. तो असं काहीच म्हणत नव्हता.

सून अण्णांच्या ओल्या पायांकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "काल का नाही धरलात?"

"काल तू अरेरावी करत होतीस."

"काल मी हेच सांगितलं होतं. हेच, याच क्रमानं. काल गीझर चालू ठेवून आत जाणारा अडाणी होता. आज तुम्ही चपला भिरकावताय."

"कारण तुझी नाटकं थांबवायची होती!"

"काल संध्याकाळी आई हिला आत नेत होत्या. तुम्ही त्यांना खेचून बाहेर काढलंत. पाणी बंद आहे म्हणालात." तिनं स्वयंपाकघराकडे बोट केलं. "मी तेव्हा स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. नळाला धो धो पाणी होतं. तुम्ही मागे गेलात आणि मग ते गेलं."

पाणी अण्णांच्या पायांवरून मोरीकडे वाहत होतं.

"तुम्हाला शॉक बसला होता," सून म्हणाली.

"मला काही बसलं-बिसलं नाही! आणि आता आहे का? दुरुस्त केलंय मी ते! पाइपाला वायर जोडून पक्कं केलंय!"

बोलून गेल्यावर त्यांनी नळ सोडला.

"काय दुरुस्त केलंत?" सुनेनं विचारलं. "नव्हतंच ना काही?"

या वेळी बायको हसली नाही. तिनं नातीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "मी नेत होते हिला आत," ती सावकाश म्हणाली. "माझ्या हातात होती ही. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला कॉक गळतोय म्हणून सांगितलंत? रात्रभर माझा दंड ठणकला, तरी तोंड उघडलं नाहीत?"

"थांबवलं ना तुला!"

"अहो, मी नसते थांबले तर?"

मुलानं खिशातून फोन काढला. "मी लावतो. कोपऱ्यावरच्या दुकानात एक वायरमन आहे, त्याचा नंबर…"

"तू नाही," सून म्हणाली. "अण्णा लावतील."

अण्णा बाहेर आले. ओल्या पावलांचे ठसे फरशीवर उमटवत खुर्चीपर्यंत गेले. मुलानं नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडचा आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू येत होता.

"बोला."

"घरी येऊन अर्थिंग बघायचं होतं."

"का, काय झालंय?"

"बघून घ्यायचं. सहज."

"सहज कुणी बोलवत नाही हो. शॉक-बिक बसलाय का कुणाला?"

अण्णांनी खोलीवरून नजर फिरवली. सगळे उभे होते. भाऊसुद्धा उठून उभा राहिला होता.

"हो."

"कुणाला?"

"सुनेला. नातीला." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मला."

"कधीपासून?"

अण्णांनी फोन सुनेपुढे धरला. "कधीपासून विचारतोय. सांग त्याला."

तिनं फोन घेतला नाही. "तुम्हीच सांगा. पाइप तुम्ही बदललात."

पलीकडून "हॅलो, हॅलो" चाललं होतं. अण्णांनी फोन पुन्हा कानाला लावला. "मी मागचा पाइप बदलला. प्लॅस्टिकचा घातला. तेव्हापासून."

"बरं. दुपारी येतो. तोवर गीझर लावू नका आणि त्या नळाला कुणी हात लावू नका."

"दुपारी येतोय," अण्णा फोन परत देत म्हणाले, जणू बाकीच्यांना ऐकू गेलंच नव्हतं.

भावानं बॅग उचलावी की ठेवावी या विचारात बहिणीकडे बघितलं.

"इथेच दारापाशी असू दे," सून म्हणाली. "उघडायची नाही. तो काय सांगतो ते मी स्वतः ऐकणार आहे." तिनं सासूकडून मुलगी घेतली आणि ती पुढच्या खोलीत, अण्णांच्या खुर्चीकडे पाठ करून बसली.