रुळांकडचं दार

आमच्या घराचं मागचं दार रुळांकडे उघडायचं. पुढे गाड्या बंद झाल्या, रूळ उखडले आणि तिथे सायकलींसाठी गुळगुळीत रस्ता केला. त्या रस्त्यावर माझी बायको अपघातात गेली.

रूळ ओलांडायचे ते कानांनी, ही आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांची सवय. पायरीवर क्षणभर थांबायचं. आवाज नाही, पायाखाली थरथर नाही, की निघायचं. रूळ गेले तरी बायको तशीच निघायची, पलीकडच्या कुंपणावर धुणं वाळत घालायला. गाडी कधी चोरपावलांनी येत नसे. सायकल येते.

आज लेकीने गवंडी आणला. दार विटांनी बुजवायचं, असं तिने परस्पर ठरवलं होतं.

"बाबा, मी ऐकणार नाही."

"तू ऐकल्याचं मला तरी आठवत नाही."

चौकट मोजता मोजता गवंडी हसला. "काका, खिडकीपुरतं ठेवू का?"

"काही ठेवू नका," लेक म्हणाली.

मला दार हवं होतं. त्या दिवशी बायकोने कडी काढली, ती मी अजून लावली नव्हती. हे लेकीला कसं सांगणार? म्हणालो, "उन्हाळ्यात वारा तिथूनच येतो."

"पंखा घेऊन देते."

तेवढ्यात पलीकडच्या कडेने नर्स येताना दिसली. बायकोला धडक बसली ती हिच्याच सायकलची. तेव्हापासून कामावर जाताना ती आमच्या दारापाशी उतरते आणि सायकल हातात धरून चालत जाते. आमच्याकडे बघत नाही.

"आली. आधी भरधाव यायचं, मग ही नाटकं," लेक म्हणाली. "आज सुनावतेच तिला."

"राहू दे गं."

ती पायरीवर गेली. क्षणभर थांबली. आवाज नव्हता. नर्सवर डोळे रोखून ती निघाली.

नर्सने घंटी दाबली ती दाबतच राहिली. मी लेकीचा दंड धरून तिला मागे ओढलं. दुसऱ्या बाजूने आलेली सायकल तिच्या बाहीला घासून गेली. चालवणारा मागे वळून काहीतरी ओरडला आणि दिसेनासा झाला.

लेक पायरीवर बसली. तिचा दंड मी सोडला नव्हता.

"मी बघितलंच नाही," ती म्हणाली. "आईपण अशीच..."

"हो."

मग तिने मान वर करून नर्सकडे बघितलं. नर्स जागीच उभी होती, अंगठा अजून घंटीवर.

मी गवंड्याला म्हणालो, "लावा विटा."

"आणि खिडकी?"

"नको."

मग दोन्हीकडे नीट बघून मी पलीकडे गेलो.

"सिस्टर, उद्यापासून उतरू नका. इथे दार नसेल."

"बरं, काका."

पण ती सायकलवर बसली नाही. पार वळणापर्यंत चालत गेली. मी परत आलो, लेकीला आत घेतलं आणि कडी लावली.