पहिली धार गुडघ्याची

तुती झाडताना खाली जी चादर धरतात तिला चार टोकं असतात, आणि चार टोकांना चार माणसं लागतात. त्या जूनमध्ये अरुसच्या अंगणात माणसं दोनच होती. एक ती स्वतः, दुसरी राजधानी येरेवानहून आलेली तिची मुलगी नाझेली. उरलेल्या दोन टोकांवर त्यांनी दगड ठेवले होते. झाडावर चढायला कोणी नव्हतं, म्हणून नाझेली मधूनच टोक सोडून लांब काठीनं फांद्या झोडपायची. पिकून मऊ झालेल्या पांढऱ्या तुती चादरीत कमी आणि गवतात जास्त पडत होत्या. दोघींचे हात कोपरापर्यंत चिकट झाले होते आणि गांधीलमाश्यांना बोलावणं करावं लागलं नव्हतं.

बोलावणं तसं माणसांनाही कधी करावं लागलं नव्हतं. अरुसचा नवरा वाघार्श होता तेव्हा काठीचा पहिला आवाज आळीत गेला की चार घरची माणसं हातातलं टाकून यायची. टोकं धरायची, तुती खायची, एकमेकांची उणीदुणी काढायची, आणि पंधरा दिवसांनी भट्टी लागली की चाखायलाही हजर व्हायची. यंदा काठीचा आवाज आळीच्या दोन्ही टोकांना जाऊन आला. दार कुणाचंच वाजलं नाही.

शेजारचा म्हातारा मुकुच तेवढा आपल्या दगडी कुंपणावर बसून बघत होता. डावा डोळा मिटलेला, उजवा टक्क उघडा.

"झाड झोडपत्यात व्हय असं, पोरी?" तो म्हणाला. "म्हातारं झाड हाय ते, चोर न्हवं."

"मग या ना काका. टोक धरा."

"मला टोक दिसंल तर धरीन. डोळा कुटं ऱ्हायलाय माजा?"

"टोक हातानं धरायचं असतं," नाझेली म्हणाली.

"त्याच्या तोंडी लागू नगंस," अरुस मान वर न करता, पण मुकुचला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. "त्याची जीभ दोन डोळ्यांचं काम करती."

यातलं डोळ्याचं प्रकरण असं होतं. गेल्या जुलैच्या शेवटी वाघार्श अंगणात खुरपं हातात असतानाच बसला आणि पुन्हा उठला नाही. डॉक्टरनं हृदय सांगितलं. मयताच्या जेवणाला अख्खी आळी बसली. घरचीच तुतीची दारू वाढली आणि मेलेल्याच्या नावानं, पेल्याला पेला न लावता, सगळ्यांनी ती प्याली. त्या संध्याकाळी सात-आठ जण उलट्या करून पडले. दोन दिवस डोकी धरून बसले. मुकुच तर आठवडाभर अंथरुणात होता, आणि उठला तो डाव्या डोळ्यापुढं धूर घेऊनच उठला. गोरिस शहरातल्या डॉक्टरनं मोतीबिंदू म्हणून सांगितलं. मुकुच म्हणाला, डॉक्टरला काय कळतंय, पेला मी प्यालो का डॉक्टर?

मग गावानं गणित मांडलं. वाघार्शनं भट्टी स्वतः बांधली होती, दोन हिवाळे खपून. हंडा तांब्याचा, तो सगळ्यांनी पाहिलेला. पण वाफेची दारू होते ती पिंपातल्या गार पाण्यात बुडवलेल्या नळीत, आणि त्या पिंपात त्यानं कधी कुणाला डोकावू दिलं नव्हतं. माणसानं डोक्यात काय आहे आणि पिंपात काय आहे ते दाखवू नये, असं तो हसून म्हणायचा. त्या हसण्याचा गावानं आता वेगळा अर्थ लावला. अंगणाच्या कडेला त्याची जुनी झिगुली मोटार गंजत पडली होती, तिचं रेडिएटर जागेवर नव्हतं. म्हणजे ते पिंपात असणार. नळीचा खर्च वाचवायला गाडीचं रेडिएटर, रेडिएटरच्या जोडात शिसं, शिशाचं विष. त्यानंच त्याचं हृदय थांबलं आणि त्यानंच मुकुचचा डोळा गेला. वार्दुशच्या दुकानात हे गणित इतक्यांदा सुटलं की ते चुकीचं असेल असं कुणाला वाटेनासं झालं.

या जुलैच्या शेवटी वाघार्शचं वर्ष भरत होतं. वर्षाच्या जेवणाला मेलेल्याच्या घरची दारू पाहुण्यांनी प्यायची असते. न प्यायली तर तो माणूस गावातून खऱ्या अर्थानं गेला, असं समजतात. अरुसला वर्ष घालायचं होतं ते घरच्याच दारूनं. म्हणून नाझेलीनं ग्रंथालयातून दोन महिन्यांची रजा काढली होती.

तुती कुंडात आंबायला घातली. साखर नाही, काही नाही, नुसती तुती आणि तिचा राग, असं वाघार्श म्हणायचा. ती फसफसू लागली तोवर नाझेलीच्या मनातही काही बरं शिजत नव्हतं. तिनं एका सकाळी आई ओढ्यावर गेलेली पाहून झिगुलीचं बॉनेट उचललं. रेडिएटर खरंच नव्हतं. चार बोल्टांची भोकं आणि कोळ्याचं जाळं. बापावर संशय घ्यायचा म्हणजे काय असतं ते तिला पुस्तकांतून ठाऊक होतं, पण पुस्तक मिटून ठेवता येतं.

दुसऱ्या दिवशी तिनं भट्टीच्या खोपटात जाऊन पिंपाचं पाणी सोडलं आणि वरचं झाकण पहारीनं उचकटलं. आत तांब्याची नळी होती. अखंड, सात वेटोळ्यांची, एकही जोड नसलेली. खाली ती पिंपातून जिथं बाहेर निघत होती तिथं लाकडाचं बूच इतकं नेमकं बसवलं होतं की नखही आत गेलं नसतं. भिंतीतल्या खुंटीवर कातडी हातमोज्यांचा एक जोड वाळत घातलेला, वर्षभर तसाच. त्यांची बोटं अजून वाकलेली होती. नाझेलीनं ते काढले नाहीत.

मागून अरुस आली. "बघितलंस? आता गावाला तिकीट लावून दाखव."

"मग रेडिएटर कुठं गेलं, आई?"

"त्या नळीच्या बदल्यात दिलं की. कापानच्या मेकॅनिकला रेडिएटर पायजे हुतं, तुज्या बाला नळी." तिनं एप्रननं हात पुसले. "मला इचारायचं हुतंस. मी काय मुकी हाय व्हय?"

संशय घरातून उठला तो सरळ कुंपणापलीकडे जाऊन बसला. मुकुच! त्याचं आणि वाघार्शचं जन्मभर जमलं आणि जन्मभर भांडण झालं. तुतीच्या दोन फांद्या त्याच्या अंगणात झुकत, त्याच्या बायकोच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर डाग पाडत, म्हणून दर उन्हाळ्यात तो कुऱ्हाड घेऊन यायचा आणि पेला घेऊन परत जायचा. आता वाघार्श नाही म्हटल्यावर त्यानं फांद्यांऐवजी नावच तोडायला घेतलं असणार. नाझेलीला हे इतकं पटलं की तिला झोप लागली.

भट्टी लावली ती जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी उन्हं अंगणात यायच्या आत. हंड्यात आंबलेली तुती, खाली ओकच्या लाकडाच्या ढलप्या. जाळ मोठा झाला की तुती खाली करपते आणि दारूला वास धरतो, म्हणून अरुस चुलीपाशी बसून एकेक ढलपी मोजक्या हातानं सारत होती. झाकणाच्या आणि नळीच्या फटींना नाझेलीनं कणकेचा लेप दिला. पहिल्यांदा कणीक पातळ झाली, गळून पडली. अरुसनं तिच्याकडे पाहिलं आणि आणखी मूठभर पीठ टाकलं. लेप तापून पांढरा झाला, मग तपकिरी. पिंपातलं पाणी वरून कोमट लागायला लागलं, आणि नळीच्या तोंडाशी एक थेंब लोंबला, पडला, मग दुसरा, मग दोऱ्याएवढी धार.

वास आला तो तुतीचा नव्हता. नखं रंगवायच्या रंगासारखा, नाकात टोचणारा. अरुसनं धारेखाली एक बरणी सरकवली.

"ही पहिली धार गुडघ्याची," ती म्हणाली. "दुसरी माणसाची. तिसरी परत हंड्याची. तुजा बा म्हणायचा."

"मला कधी नाही म्हणाला."

"तू हुतीस कवा भट्टीच्या टायमाला? तू परीक्षेला, मग नोकरीला."

अर्धी बरणी भरल्यावर तिनं ती काढली, दुसरी ठेवली, आणि पहिलीच्या तोंडावर खिशातून एक काळं फडकं काढून बांधलं.

"काळं का?" नाझेलीनं विचारलं.

"गुडघ्याला चोळायची म्हणून. पोटात गेली तर इख हाय ती. प्यायच्या बरणीला पांढरं फडकं. म्हंजी कुणी चुकायला नगं."

नाझेली ढलप्यांच्या ढिगावर बसली. गेल्या वर्षी मयताच्या दिवशी तळघरात ती स्वतःच उतरली होती. आई शवपेटीपाशी होती, तिला कोण विचारणार? तिथं वीसेक बरण्या पांढऱ्या फडक्याच्या, आणि कोपऱ्यात वेगळ्या मांडलेल्या तीन काळ्या. गावची म्हातारी माणसं आपल्या मयताची दारू आधीच बाजूला काढून ठेवतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिला वाटलं, बाबांनी काढून ठेवली, वर काळं बांधलं. अगदी बाबांसारखंच. तिला तेव्हा रडूसुद्धा आलं होतं, त्या दिवसात तेवढं एकदाच. काळ्यातल्या दोन तिनं वर नेल्या आणि टेबलाच्या वरच्या अंगाला, बाबांच्या जवळच्या माणसांपाशी ठेवल्या. मुकुचला पहिला पेला तिनंच भरून दिला होता.

तिनं हे आईला सांगितलं. अरुसनं जाळातली एक ढलपी मागं ओढली.

"म्हणून गेल्या हिवाळ्यात गुडघ्याला एकच बरणी हुती," ती म्हणाली. मग नळीखाली बोट धरून चाखलं. "ऊठ. माणसाची धार लागली, बरणी बदल."

"आई, मी गावात सांगणार आहे."

"मेलेल्याचं गाव काय वाकडं करणार हाय? तुला हितं यायचंय अजून."

"म्हणूनच."

धार संध्याकाळपर्यंत चालली, आणि तिसरी लागली तशी दोघींनी चूल विझवली.

दुसऱ्या दिवशी नाझेली मुकुचकडे गेली. तो मधाची पेटी दुरुस्त करत होता. तिनं आडवळण न घेता सगळं सांगितलं: काळं फडकं, दोन बरण्या, पहिली धार. तुमचा डोळा त्यानं गेला की नाही ते मला माहीत नाही, पण ती दारू मी दिली, बाबांनी नाही. भट्टी चांगली आहे, येऊन बघा.

मुकुचनं हातोडी खाली ठेवली. चांगल्या डोळ्यानं तिला नीट न्याहाळलं.

"हे कुणी सुचवलं तुला? अरुसनं?"

"कोणी नाही. असंच झालंय."

"पुस्तकं लई वाचली की असं सुचत आसंल." त्यानं पेटीवरचा भुसा झटकला. "माजी पोरगी मॉस्कोत हाय. मी मेल्यावर माज्यापायी येवढं खोटं ती बोलंल, आसं न्हाई वाटत मला. वाघार्श नशिबाचा निघाला."

"काका, मी खोटं बोलत नाहीये."

"व्हय व्हय," तो म्हणाला, तापातल्या पोराला म्हणावं तसं. "न्हाई बोलत."

ती घरी पोचायच्या आत गोष्ट वार्दुशच्या दुकानात पोचली होती. आता नाझेलीनं दुकानात जाऊनही तेच सांगितलं, ओढ्यावरही सांगितलं. जिथं सांगेल तिथं बायका तिला जवळ घेत होत्या. बापाचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतलं पोरीनं, असं म्हणून वार्दुशनं डोळे टिपले. नाझेलीनं भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली, तर त्याचंही कौतुक झालं: बापासाठी शपथसुद्धा घेतली! काळ्या फडक्याची तिसरी, अर्धी उरलेली बरणी तिनं तळघरातून आणून दाखवली, तेव्हा एकीनं फक्त एवढंच विचारलं की हे फडकं तू काल बांधलंस का परवा? संशयानं एक वर्ष ज्या घराचं दार लावून ठेवलं होतं, त्या घरी आता रोज कोणी ना कोणी चीज घेऊन, जर्दाळू घेऊन येऊ लागलं. खरं सांगितल्यानं जे झालं नसतं ते खोटं मानल्यानं झालं. नाझेलीला रात्री जेवण जाईना.

वर्षाच्या दिवशी आळीतलं एकही माणूस घरी राहिलं नाही. कबरीवर धूप जाळून सगळे अंगणात आले, लांब टेबलापाशी बसले. उकडलेलं मांस आलं, लवाशच्या पातळ रोट्या आल्या. नाझेलीनं पांढऱ्या फडक्याची बरणी सोडली, पहिला पेला स्वतःचा भरला, सगळ्यांदेखत उभ्यानं प्याली, आणि मग वाढायला घेतलं.

मुकुच वरच्या अंगाला बसला होता. त्यानं एक थेंब तळहातावर चोळला, हुंगला. पेला उचलला, वाघार्शचं नाव घेतलं, कुणाच्या पेल्याला न लावता रिकामा केला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"त्याचीच हाय," तो म्हणाला. "तुतीची चव तुतीचीच ठिवलीय. त्याचाच हात."

मग सगळे प्याले. कुणी मान हलवली, कुणी डोळे मिटून घेतले. अरुस चुलीपाशी पाठमोरी उभी होती, तिचे खांदे खाली आले.

मुकुच नाझेलीकडे वाकला. बोलायचं होतं हळू, पण त्याला हळू बोलता येत नसे.

"नळी बदललीस न्हवं?"

"नाही काका. तीच नळी, तोच हंडा, बाबांनी बांधलेला. चला, पिंप उघडून दाखवते. आत्ता. सगळेच चला."

कुणी उठलं नाही. शेवटी वार्दुश मायेनं म्हणाली, "बस गं बाई. आज वाघार्शचा दिस हाय. आज कुणाच्या पिंपात बघायचं?"

मुकुचनं मान डोलावली. मग टेबलाकडे वळून त्यानं गावाला निकाल सांगितला.

"बदलली."

आणि रिकामा पेला पुढं केला. त्याच्या मागोमाग टेबलावरचे सगळे पेले पुढं सरकले. नाझेलीनं बरणी दोन्ही हातांनी धरली आणि एकेकाचा पेला काठोकाठ भरत गेली.