मिसळीवरचा पहारा

सावळीराम ताजनपुरे यांना अख्खं नाशिक रोड अण्णा म्हणायचं, आणि पाठीमागे काय म्हणायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण संशय त्यांच्या हाडीमाशी खिळला होता. दूधवाला म्हणाला, "म्हैस आटली," की अण्णा म्हशीला भेटायला गोठ्यापर्यंत जाणार. शेजाऱ्याने पेढे आणले की आधी कारण विचारणार, मग पेढा फोडून बघणार आणि मगच तोंडात टाकणार.

यात थोडा दोष नोकरीचाही होता. उभी हयात त्यांनी नोटांच्या प्रेसमध्ये छापील ताव तपासण्यात घालवली. शाई कुठे सरकली, रेघ कुठे तुटली, एवढंच बघायचं. बाकी ताव कितीका सुरेख छापलेला असेना, त्याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. खोट दिसली की खूण करायची, ताव बाजूला सारायचा आणि पुढचा ओढायचा. रिटायर झाले तेव्हा ताव तिथेच राहिले, पण नजर कुठे ठेवणार? ती ते घरी घेऊन आले.

घरात होती योगिनी, एकुलती एक मुलगी. सातपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्सचं काम बघायची. हसरी, कामसू आणि अठ्ठाविशी उलटलेली. दोन हजार तीन साली अठ्ठाविशी उलटलेली मुलगी म्हणजे कॉलनीतल्या बायकांना हळदीकुंकवात तोंडी लावायला आयता विषय. स्थळं येत नव्हती असं नाही, ती अण्णांच्या नजरेतून पार होत नव्हती. एकाचे बूट फार चकचकीत होते, म्हणजे माणूस दिखाऊ. दुसरा मोबाइलवर बोलायला अंगणात गेला, म्हणजे कर्जबाजारी. तिसरा चहा पीत नाही म्हणाला. त्यावर अण्णांचा निकाल तयारच होता, "चहा न पिणारा माणूस दुसरं काहीतरी पीत असणार."

शेवटी त्यांच्या बायकोचा, लंकाबाईंचा संयम सुटला. "अहो, पोरगी आहे ती, नोट नाही. आता येणारं स्थळ मोडलंत ना, तर मी सिन्नरला माहेरी जाऊन बसेन. मग थापा स्वतःच्या हाताने भाकरी, आणि काढा तिच्यात खोटी!"

हे नवं स्थळ लंकाबाईंच्या लांबच्या मावशीने, अक्काबाईंनी आणलं होतं. सांगलीकडचा रविराज मोहिते. कारखान्यांतली मोठी मशीनं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. आज इंदूर, उद्या हुबळी. "नाशिकला मात्र पोरगा पहिल्यांदाच येतोय हो," अक्काबाई म्हणाल्या. अण्णांनी ते लक्षात ठेवलं. ते सगळंच लक्षात ठेवत.

बघण्याच्या कार्यक्रमात रविराजने पोह्यांच्या दोन बश्या फस्त केल्या आणि ओलं खोबरं घातल्याबद्दल लंकाबाईंचं कौतुकही केलं. मुलगी बघायला येऊन दोन बश्या खाणारा माणूस एक तर उपाशी असतो नाही तर निर्लज्ज, असं अण्णांनी मनात नोंदवलं. तेवढ्यात त्याने रुमालाला हात पुसत वेगळंच काढलं.

"काका, मी कामासाठी गावोगाव फिरतो. नव्या गावात गेलो की आधी तिथली खाण्याची ठिकाणं शोधतो. कोल्हापूरचा रस्सा लाल का आणि नाशिकचा काळा का, हे कळलं की तिथली माणसंही थोडीफार कळतात. येत्या रविवारी योगिनींनी मला नाशिक खाऊ घालावं, अशी इच्छा आहे. वाढणाऱ्याशी कोण कसं बोलतं, शेवटचा घास कुणापुढे सरकवतं, त्यात माणूस दिसतो. त्यांनाही माझं काय ते दिसेल."

लग्नाआधी मुलीला घेऊन हॉटेलं हिंडायची! लंकाबाईंनी श्वास रोखून नवऱ्याकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "जा की."

घर थक्क झालं. पण अण्णांचा हिशेब सरळ होता. पाहुण्यांच्या घरात सगळेच साळसूद असतात. माणूस उघडा पडतो तो बाहेर, आणि तो पडेल तेव्हा बघायला अण्णा तिथे असणार होते. शनिवारी रात्री जेवताना योगिनी आईला म्हणाली, "त्यांनी सातपूरच्या शकुबाईंच्या मिसळीबद्दल ऐकलंय म्हणे. आधी तिथे, मग गंगापूर रोडला नवीन कॉफी शॉप झालंय, तिथे." अण्णांची भाकरी हातातच राहिली. पहिल्यांदा नाशिकला येणाऱ्याला सातपूरची पत्र्याची टपरी कुणी सांगितली?

रविवारी सकाळी योगिनीने स्कूटी काढली आणि स्टेशनजवळून रविराजला मागे बसवलं. अण्णा आपल्या लुनावरून निघाले. अंगात जुना स्वेटर, डोळ्यांवर काळा चष्मा आणि डोक्यावर माकडटोपी. ऑक्टोबरच्या उन्हात माकडटोपी घालून फिरणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच होता, पण अण्णांना ते वेषांतर फार नामी वाटत होतं. स्कूटी मात्र बैलगाडीच्या चालीने चालली होती. रिक्षा पुढे जात होत्या, सायकलीसुद्धा पुढे जात होत्या. इतकं हळू का, याचाही त्यांना संशय आला.

सातपूरला शकुबाईंच्या टपरीसमोर पंक्चरचं दुकान होतं. तिथे अण्णा एका टायरवर बसले आणि चाकातली हवा बघायचं सोंग करू लागले. पाळी सुटून आलेल्या कामगारांची टपरीत गर्दी होती. योगिनी आणि रविराजला कोपऱ्यातलं बाक मिळालं. शकुबाईंनी मिसळीच्या ताटल्या आणून ठेवल्या, आणि अण्णा एकदम ताठ झाले.

रविराज उठला. कुणाला काही न विचारता पडद्याआड गेला, फळीवरच्या डब्यातून दोन चमचे काढले, ते हंड्यातल्या पाण्याने विसळले आणि येऊन बसला.

पहिल्यांदा आलेल्या माणसाला चमच्यांचा डबा पडद्याआड आहे हे कसं कळतं? अण्णांनी तीस वर्षं ताव तपासले होते ते काही उगाच नाही. सरकलेली शाई त्यांना समोर दिसत होती. बाकी काही त्यांना दिसलं नाही. त्याने पापडाचा मोठा तुकडा योगिनीपुढे सरकवला, शेजारच्या म्हाताऱ्या कामगाराला बसायला जागा करून दिली, हे पंक्चरवाल्याने पाहिलं असेल तर असेल.

दोघं निघून गेल्यावर अण्णा टपरीत शिरले. बोलायला निमित्त म्हणून मिसळ मागवली आणि हळूच विषय काढला.

"बाई, आत्ता निळ्या शर्टातला गेला ना, तो नेहमी येतो का हो?"

"कोन, सांगलीवाले? येत्यात की! लय दिसांपासून येत्यात. आधी नुसता रस्साच पित्यात वाटीभर. मसाल्यात काय घालता म्हनून इचारत्यात. म्या नाय सांगत."

"एकटाच असतो?"

"एकटा कशाला? पोरगी असती ना संगं."

अण्णांना जोराचा ठसका लागला. शकुबाई पाणी पुढे करत काही तरी सांगू लागल्या होत्या, पण अण्णा उठलेच. खोट सापडल्यावर उरलेला ताव बघत बसायची त्यांची रीत नव्हती.

"अवं, खाऊन तरी जावा! भरलं ताट टाकून उठू नाय!" शकुबाई मागून ओरडत राहिल्या.

लुनावर बसल्यावर अण्णांना भयंकर राग आला. आणि खरं सांगायचं तर रागाहून जास्त आनंद झाला. सापडला! लंकाबाई आता काय बोलणार? अक्काबाई कुठे तोंड लपवणार? सातपूरहून गंगापूर रोडपर्यंत ते मनातल्या मनात भाषण रचत होते. वाटेत एकदा त्यांना योगिनीचा मघाचा चेहरा आठवला. बाकावर बसून ती हसत होती. घरात अशी हसताना त्यांनी तिला पाहिल्याला किती दिवस झाले, ते काही आठवेना. पोरीचं मन बसलं असेल तर? पण बाप म्हणून आपलं काम आपण करायला हवं, असं म्हणून त्यांनी लुनाची मूठ पिळली.

कॉफी शॉप म्हणजे सगळा काचेचा कारभार. आत गारठा, मंद गाणी आणि पुटपुटत बोलणारी कॉलेजची पोरं. अण्णा माकडटोपीसकट आत घुसले. योगिनीने त्यांना दारातच पाहिलं आणि ती रविराजला शांतपणे म्हणाली, "आले."

"ऊठ, योगिनी!" अण्णांचा आवाज काचांवर आदळला. "हा माणूस खोटारडा आहे. नाशिकला पहिल्यांदा आलोय म्हणे! सातपुरात ह्याचं बाक ठरलेलं आहे. आणि एकटा नाही येत, पोरगी घेऊन येतो. विचार त्याला, कोण ती!"

सगळं दुकान त्यांच्याकडे बघू लागलं. रविराज उभा राहिला. योगिनी मात्र बसूनच होती.

"अण्णा, आधी बसा. आणि ती टोपी काढा, घाम आलाय तुम्हाला."

"कोण ती पोरगी, ते आधी कळू दे!"

"मीच."

अण्णा बसले. समोरची रिकामी खुर्ची बरी सापडली.

"वर्ष झालं," योगिनी सांगू लागली. "आमच्या कारखान्यातलं मशीन बघायला हे येतात. नाशिकमध्ये काय चांगलं मिळतं, असं त्यांनी मला विचारलं. मग एकेक ठिकाण करत गेलो."

"आणि अक्काबाई?"

"त्यांना मीच पाठवलं."

"तुझ्या आईला कळलं तर—"

"आईलाच सगळ्यात आधी सांगितलं, अण्णा."

हा घाव वर्मी बसला. ज्या घरात बिनकामाची चिठ्ठीसुद्धा ते दोनदा वाचत, त्या घराने वर्षभर त्यांना पत्ता लागू दिला नव्हता. "मग मलाच तेवढं का नाही?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांना वाटला तितका मोठा निघाला नाही.

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

उत्तर अण्णांना ठाऊक होतं.

"तुम्ही आज मागे येणार हे मला माहीत होतं," योगिनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "म्हणून तर जेवताना सगळं मोठ्याने बोलले. तुमच्या लुनाला झेपावं म्हणून गाडी हळू चालवली. म्हटलं, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी दिवसभर बघाल, काही सापडणार नाही, आणि तुम्हीच हो म्हणाल. कुणी सांगून तुम्ही हो म्हणाला नसतात. प्रेसच्या गेटवर रोज तुमची झडती व्हायची ना, ती तुम्ही घरी येऊन आमची घ्यायचात, अण्णा. आम्हाला लपवायची सवय लागली."

अण्णांनी डोक्यावरची माकडटोपी ओढून काढली. मग अण्णा म्हणाले, "चमचे."

"काय?" रविराजला कळेना.

"न विचारता पडद्याआडून चमचे आणलेत तुम्ही. तिथे सापडलात."

रविराजने कपाळावर हात मारला. "चुकलंच, काका. सवयीने हात गेला."

एरवी असं कुणी कबूल केलं की अण्णा दिवसभर मिशीत हसले असते. आज त्यांना हसू येईना. खोट बरोबर सापडली होती, संशयही खरा निघाला होता. पण ज्या एका माणसावर त्यांनी कधी संशय घेतला नाही असं त्यांना वाटायचं, तिनेच त्यांना फसवलं होतं, आणि तिला तसं करायला त्यांनीच लावलं होतं. त्यांना लाज वाटली. माकडटोपी हातात चुरगळत ते टेबलाकडे बघत राहिले.

टेबलावर दोन कप होते. रविराजचा रिकामा होता. योगिनीचा काठोकाठ भरलेला, वरचा फेस बसून गेलेला. शेजारी सँडविचची बशी होती, तिलाही तिने हात लावला नव्हता.

"हिला आवडत नाही वाटतं इथलं?" काही तरी बोलायचं म्हणून अण्णा म्हणाले.

रविराज जरा घुटमळला. "काका, रागावू नका. वर्षभरात आम्ही निम्मं नाशिक पालथं घातलं. पण ह्यांनी कुठेच धड खाल्लेलं नाही. कुठेही गेलो की ह्या दाराकडे तोंड करूनच बसतात. बाहेर लुनाचा आवाज आला की घास हातातच राहतो. मिसळ निवते, पाव वातड होतो, मग म्हणतात, चला. नाशिकची मिसळ गरम असताना कशी लागते, हे ह्यांना विचारलं तर सांगता येणार नाही."

योगिनी त्याला नजरेने गप्प करू पाहत होती. अण्णांनी पाहिलं. ती आत्ताही दाराकडे तोंड करूनच बसली होती. तिच्या डोळ्यांसमोर काचेचं दार होतं, पलीकडे रस्ता होता आणि कडेला त्यांची लुना उभी होती.

अण्णा उठले. "ऊठ," ते म्हणाले.

"अण्णा, मी घरी येणार नाही. आता नाही."

"घरी कोण म्हणतंय? तू इकडे माझ्या खुर्चीवर ये. मी तिथे बसतो."

तिला कळायला जरा वेळ लागला. मग ती उठून त्यांच्या खुर्चीवर येऊन बसली. आता दार तिच्या पाठीशी होतं. अण्णा तिच्या जागेवर बसले, गार झालेला कप त्यांनी आपल्याकडे ओढला आणि रविराजला म्हणाले, "हिच्यासाठी दुसरी गरम सांगा. आणि हे बघा, तुमच्याबद्दल माझी अजून पुरती खात्री पटलेली नाही."

"बरं, काका," रविराज म्हणाला आणि काउंटरकडे गेला.

योगिनीने सँडविचचा तुकडा उचलला. तेवढ्यात बाहेर कुठली तरी लुना फटफट करत गेली. तिचा हात थांबला आणि मान आपोआप मागे वळू लागली.

"खा तू," अण्णा म्हणाले. "दाराकडे मी बघतोय."