अडलेली पंगत

आमच्या गावचा नामसप्ताह गोकुळाष्टमीच्या आठवड्यात बसतो आणि काल्याच्या कीर्तनानं उठतो. काल्याच्या दिवशी गावात एकाही घरात चूल पेटत नाही. कीर्तन झालं की मांडवात पंगत बसते, पानं वाढून होतात, आणि मग मी उभा राहून ‘पुंडलिक वरदा’चा घोष देतो. तो झाल्याशिवाय कुणी घासाला हात लावत नाही. लहान लेकरूसुद्धा आईच्या तोंडाकडं बघत थांबतं. बावीस वर्षं हे काम माझ्याकडं आहे. एरवी मी मागच्या रांगेतला टाळकरी. महाराजांनी चरण सोडला की तो उचलायचा, एवढ्यात मला सगळं मिळतं. यंदा काय झालं ते लिहून ठेवतोय, कारण आता जो तो ते आपल्या सोयीनं सांगायला लागलाय.

गावाच्या उत्तरेला भैरोबाचा माळ आहे. कागदोपत्री ते गायरान, दिसायला बालाघाटाच्या डोंगराची उतरती सोंड. दहा वर्षांमागं तिथं नुसता मुरूम होता. शेळ्यांनी खालून खाल्लं आणि खव्याच्या भट्ट्यांनी वरून जाळलं. आमच्याकडं दूध आटवून खवा करायचा धंदा जुना आहे, आणि भट्टीला लाकूड किती लागतं ते भट्टीवाल्यालाच ठाऊक. तो माळ विठाबाईनं राखला. विठाबाई म्हणजे साठीची, हाताला खरखरीत आणि बोलायला त्याहून खरखरीत बाई. तिनं दहा जणी गोळा केल्या, स्वतः अकरावी झाली, आणि पाळी लावून माळावर बसायला लागल्या. लावलं काहीच नाही. शेळी आत येऊ द्यायची नाही आणि कुऱ्हाड येऊ द्यायची नाही, एवढंच. जमिनीत जुन्या सीताफळांची खोडं होती, ती फुटली. हिवर आला, धावडा आला. गवत इतकं माजलं की कापून गावभर वाटलं.

तिसऱ्या वर्षापासून सीताफळ धरायला लागलं. बायकांनी नियम केले. डोळे उघडलेलं फळच तोडायचं, फांदी ओढायची नाही, शेंड्याची फळं पाखरांना. घरी गर काढायचा आणि कळंबला शीतगृहात पोचवायचा. शहरातनं कुणी शिकवायला आलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच बसवलं.

यातनं काय झालं ते विठाबाईच्याच घरात बघावं. तिचा मुलगा उत्तरेश्वर आणि सून वर्षाराणी दर दिवाळीला ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम वहीत माणसं लिहीत नाही, कोयते लिहितो. त्यांची मुलगी आरोही उसाच्या पाचटात वाढली. दिवाळीनंतर तिला शाळा म्हणून माहीतच नव्हती. सीताफळावर घर भागायला लागलं आणि त्यांचा कोयता घरी राहिला. तीन वर्षं झाली, पोरगी आता चौथीत आहे आणि मला हरिपाठातल्या चुका काढून दाखवते.

चार वर्षांमागं, काल्याच्याच दिवशी, गावानं माळावर कुऱ्हाडबंदी केली. देवापुढं बेलभंडार उचलला. शपथेचा कागद मी वाचला आणि माझ्यामागं पहिला हात अमरसिंहनं घातला. अमरसिंह सप्ताहाच्या कमिटीचा अध्यक्ष. मांडव त्याचा, महाराज उतरतात ते त्याच्याच घरी. आणि खव्याची सगळ्यात मोठी भट्टीही त्याचीच.

यंदा काल्याच्या सकाळी चुलवणावर धूर मावेना. पुऱ्या तळणाऱ्या बायका डोळ्याला पदर लावून बसलेल्या. लाकूड ओलं होतं. माझी बायको शामला तिथंच कणीक मळत होती. तिनं मला हाक मारली आणि बोट केलं. वर्षाराणीनं जळणाच्या ढिगातनं एक फांदी ओढून काढली होती. फांदीला पानं होती, आणि पानाआड लिंबाएवढी पाच हिरवी सीताफळं.

विठाबाईनं ती फळं एकेक हातात धरून पाहिली. मग सुनेला म्हणाली, माळावर जाऊन बघून ये.

मी अमरसिंहकडं गेलो. मनात अजून शंका होती, उगीच आळ नको. त्यानं लपवलंसुद्धा नाही. चहाचा कप माझ्या हातात दिला आणि समजावून सांगितलं, की गॅसच्या टाक्या वेळेवर मिळाल्या नाहीत, पंगत अडीच हजाराची, देवाच्या कामाला थोडं जळण आणलं तर बिघडलं कुठं. शपथ घेतली ती भैरोबापुढं. माळ भैरोबाचा, काला भैरोबाच्या दारात. देवाचं देवालाच तर दिलं. मला खरं सांगायचं तर क्षणभर ते पटल्यासारखं वाटलं. आम्हा भजनी माणसांचं असंच आहे. देवाचं नाव पुढं केलं की आमची मान आपोआप हलते.

वर्षाराणी धापा टाकत परत आली, तोवर कीर्तन उभं राहिलं होतं. तिनं विठाबाईला सांगितलं आणि शामलानं मांडवाच्या कनातीआडून मला. निम्मा माळ उघडा झाला होता. गावाकडची बाजू जशीच्या तशी, मागची सगळी साफ. ट्रॅक्टर अजून तिथंच होता, चार गडी होते, आणि तोडलेलं लाकूड मागच्या वाटेनं भट्टीवर चाललं होतं. चुलवणाला आल्या त्या दोन खेपा. भट्टीला किती गेल्या त्याला मोजदाद नाही, गडी म्हणाले सात दिवस हेच चाललंय.

सात दिवस. म्हणजे सप्ताह बसला त्या दिवसापासून. राखणीच्या बायका सगळ्या स्वयंपाकात, बाप्ये मांडवात, आणि चारी दिशांना कर्णे लावलेले. त्या गजरात ट्रॅक्टरचा आवाज कुणाच्या कानावर येणार? गजर आम्हीच करत होतो. माझ्या हातातले टाळ मला जड झाले. आमच्या नामाचा कुणीतरी आडोसा केला होता, चोर जसा अंधाराचा करतो तसा, आणि तो माणूस पहिल्या रांगेत अष्टगंध लावून बसला होता.

महाराजांचं नाव योगीराज. आवाज असा की ऐकणारा जागचा हलत नाही. गोपाळांचा खेळ चालला होता. गाई कशा चरतात, कदंबाखाली शिदोऱ्या कशा सोडतात. मी एरवी या जागेला रडतो. तेवढ्यात अकरा जणी मांडवात आल्या. ओळीनं आल्या, कुणाला धक्का नाही, आवाज नाही. प्रत्येकीच्या हातात तोडलेली फांदी. त्या फांद्या त्यांनी महाराजांच्या पुढं, विणेकऱ्याच्या पायाशी ठेवल्या. मृदंग आपोआप थांबला.

“महाराज,” विठाबाई म्हणाली, “तुमी झाडाचं लई ग्वाड सांगताय म्हणून आणलं. ही भैरोबाच्या माळावरली. अजून फळांचं डोळं बी उघडलं न्हाईत. हिच्यावर शिजलंय आजचं.”

महाराजांनी फांद्यांकडं पाहिलं, मग पहिल्या रांगेकडं पाहिलं. अमरसिंहनं हात जोडून मान हलवली, चालू द्या म्हणून. महाराज हसले आणि म्हणाले, “माउली, नारदाच्या गादीवरचं काम आहे. काला पुरा होऊ द्या, गावचं गाऱ्हाणं मग बघू.” आणि त्यांनी पुढचा चरण सोडला.

मी तो उचलला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. शेजारच्यानं कोपर मारलं, तरी नाही. मला महाराजांचा आला तेवढा राग अमरसिंहचा आला नव्हता. अमरसिंह भट्टीवाला आहे, त्याला लाकूड दिसतं. पण ज्यानं आयुष्यभर लोकांना सांगितलं की झाडात देव आहे, त्याच्या पायाशी ते झाड आणून टाकलं आणि त्यानं ते गाऱ्हाण्यात काढलं. मग आम्ही इतकी वर्षं ऐकत काय होतो?

दहीहंडी फुटली. पंगत बसली. पुरी, बुंदी, वांग्याची भाजी, वरणभात. मांडवात शेवटपर्यंत रांगा, मधोमध चौरंगावर महाराज, त्यांच्या उजव्या हाताला अमरसिंह. अकरा जणी बसल्या नाहीत. त्या मांडवाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. वाढपी म्हणाले, झालं वाढून, भाऊ, द्या घोष.

मी उभा राहिलो आणि गप्प राहिलो.

आधी लोकांना वाटलं घसा बसलाय. कुणीतरी पाणी पुढं केलं. एक म्हातारा ओरडला, “भाऊ, बुंदी माझ्याकडं बघाय लागलीय,” आणि रांग हसली. मग हसू थांबलं. अडीच हजार माणसं आणि एकाचाही हात पानात नाही. अमरसिंह उठून माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, की लेकरं उपाशी आहेत, तमाशा करू नका, काय असेल ते कमिटीत बोलू.

“कमिटीत न्हाय,” मी म्हणालो. “बेलभंडार मांडवात उचलला होता, मांडवातच बोला. माळावर ट्रॅक्टर आहे का न्हाय?”

“देवाचं लाकूड देवाला लागलंय, भाऊ.”

“मग भैरोबानं तुमच्या भट्टीवर खवा कधीपास्नं काढायला घेतला?”

हे जरा मोठ्यानं झालं. पुढच्या रांगांनी ऐकलं, त्यांनी मागं सांगितलं, आणि ते मांडवभर गेलं. अमरसिंहचा चेहरा उतरला. मग चढला. म्हणाला, गायरान कुणाच्या बापाचं नाही, जायचं तर धाराशिवला जा कचेरीत, तक्रार द्या. आणि मांडवाकडं तोंड करून त्यानं स्वतःच घोष दिला. आवाज त्याचा मोठा आहे. घोषाला गाव उत्तर देतं, ते उत्तर आलं की जेवण सुरू. उत्तर आलं नाही. दोन-चार जण त्याच्या भट्टीवरचे बोलले आणि अर्ध्यात थांबले.

विठाबाई रांगांमधून चालत आली. पानांवरून पदर जाऊ नये म्हणून तिनं तो कमरेला खोचला होता.

“दादा,” ती अमरसिंहला म्हणाली, “तुमाला शिव्या द्यायला आले न्हाय. गेलं ते गेलं. मागली बाजू खोडातनं फुटंल, पर फळ धरायला तीन वर्सं. ती तीन वर्सं माझ्या सुनंनं काय करायचं? कोयता धरायचा? आन पोरीची शाळा तुमी सांगाल तवा भरायची व्हय? ऱ्हायलेली बाजू सोडा. आत्ता फोन करा. ट्रॅक्टर हितं मांडवापुढं येऊ द्या, रिकामा. म्या बघते, मग लेकरं जेवतील.”

तेवढ्यात चौरंगावरनं महाराज उठले. पानाला नमस्कार केला आणि एवढंच म्हणाले, “ट्रॅक्टर येईपर्यंत मीही उभा राहतो.” मघाशी जे म्हणायचं ते आता म्हणाले. मला ते गोड लागलं नाही, तरी कानावर घेतलं. त्यांच्यामागं पहिली रांग उठली. मग अमरसिंहनं खिशातनं फोन काढला.

ट्रॅक्टर यायला पाऊण तास लागला. भात गार झाला, वरणावर साय धरली. ट्रॅक्टर आला, ट्रॉली रिकामी होती, तळाला पाला तेवढा. गड्यांनी कुऱ्हाडी विठाबाईपुढं ठेवल्या. तिनं त्या मोजल्या नाहीत, देवळाच्या ओट्याखाली सारायला सांगितल्या. मग माझ्याकडं वळली. “द्या भाऊ. अन्नाचा काय गुन्हा.”

मी घोष दिला. उत्तर असं आलं की मांडवाचे बांबू हलले. गाव जेवलं. अकरा जणी जेवल्या नाहीत, शामला जेवली नाही, मीही नाही. त्या धुराचा घास मला गिळवला नसता.

त्यानंतर ठरलं ते असं. मागच्या बाजूला तीन वर्षं शेळी जाऊ द्यायची नाही, आणि त्या राखणीला कमिटीच्या माणसांनी पाळीनं बसायचं. माझी पाळी सोमवारी. अमरसिंहची गुरुवारी. पहिल्या गुरुवारी त्यानं गडी पाठवला, विठाबाईनं तो परत पाठवला. दुसऱ्या गुरुवारी तो स्वतः आला, मोटारसायकलवरच बसून राहिला, खाली उतरला नाही. लोक म्हणतात, आला हेच खूप. मला ते खूप वाटत नाही. सप्ताहाच्या गजराआड ज्यानं निम्मा माळ कापला त्याला गाव अजूनही अध्यक्ष म्हणतं, आणि पुढच्या वर्षीच्या महाराजांची तारीखही त्यानंच घेऊन ठेवलीय. मी कमिटीत विचारलं, तर म्हणाले, भाऊ, आता मिटलं ना.

फळ उतरलं ते निम्मंच. अकरा जणींनी सारखं वाटून घ्यायचं ठरवलं, कुणाची पाळी मागच्या बाजूला होती ते बघितलं नाही. तरी निम्मं ते निम्मंच. दसऱ्यानंतर मुकादम जीप घेऊन आला आणि विठाबाईच्या अंगणात वही उघडून बसला. मी तिथं होतो, आरोहीकडनं पाढे म्हणून घेत होतो. त्यानं विचारलं, कोयता लिहू का.

उत्तरेश्वरनं नखानं खाटेचा सुंभ उकरला. मग म्हणाला, अर्धा लिहा.

एकट्या माणसाला तिकडं अर्धा कोयता म्हणतात. मुकादमाला ते परवडत नाही, जोडी नसली की मोळ्या बांधायला कोण. त्यानं वर्षाराणीकडं पाहिलं आणि म्हणाला, वहिनी, दोघं गेलात तर बरं पडंल, पोरगी काय, येईल की संगं.

“न्हाय,” वर्षाराणी म्हणाली. “माळावर माझी पाळी हाय. आन तिची शाळा हाय.”

मुकादमानं अर्धा लिहिला. आरोही सतराच्या पाढ्यावर अडली होती. बाप तिच्याकडं बघत होता, आणि ती पाढा आठवायच्या नादात त्याच्याकडं बघत नव्हती.