तुरीतला कोट

मुलगा परदेशातून परतला त्या दिवशी पानाबाईंनी त्याला आधी मागच्या अंगणातल्या नळाखाली बसवलं आणि मगच घरात घेतलं. त्याची बॅग मात्र उंबऱ्याच्या आत आलीच नाही. कारंजातल्या त्यांच्या जैन आळीत हे कुणाला वावगं वाटलं नाही. अर्पित सहा वर्षं एका परक्या फौजेच्या तळावर, भटारखान्याच्या कोठारात कामाला होता. घरी त्याने ‘कँटीनचा माल सांभाळतो’ एवढंच सांगितलं होतं. तो माल म्हणजे गोठवलेलं मांस, हे त्याच्या वडिलांना, पन्नालालजींना, त्यानेच पाठवलेल्या एका फोटोवरून कळलं. मागच्या खोक्यांवर गाईचं चित्र होतं.

‘पोरगा आपला हाय, येऊ द्या,’ पन्नालालजी म्हणाले. ‘तिथलं काही घरात नको.’

बॅगेत चामड्याचे बूट होते, चामड्याचा पट्टा होता आणि मातकट ठिपक्यांचा एक जाड कोट होता. पानाबाईंनी हात न लावता काठीने ती बॅग फाटकाबाहेर सरकवली आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या भागिरथेला देऊन टाकली. भागिरथेने स्टीलचा डबा पुढे केला, तोही घेतला नाही. त्या दिवशी त्यांना फार हलकं वाटलं.

याला चार वर्षं झाली. अर्पित आता चौतिशीचा आहे आणि घरच्या दुकानाच्या तीन पायऱ्या त्याला एका दमात चढवत नाहीत. अकोल्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरून विचारलं, ‘विडी किती वर्षांपासून?’ ज्या घरात कांदा येत नाही, त्या घरच्या मुलाला त्यांनी हे विचारलं.

मग अर्पितने आईला धूर सांगितला. कोठारामागे एक खड्डा होता, आपल्या बाजार समितीच्या आवाराएवढा. तळावरचं सगळं त्यात जळायचं. प्लास्टिकच्या ताटल्या, औषधं, बॅटऱ्या, टायर, रंगाचे डबे. सहा वर्षांत तो खड्डा एक दिवस विझला नाही. वारा फिरला की शिपाई तोंडाला धूर गाळणारी जाळी बांधायचे.

‘आन तुमाले जाळी?’

‘आमी तिसऱ्या देशाचे.’

‘मंजे?’

‘देश एकाचा, झेंडा दुसऱ्याचा. आन भांडे घासाले तिसऱ्या देशाचे. तिथी आमाले तेच म्हणत. मी, नेपाळचा एक, फिलिपिन्सचे चौघं, समदे मिळून एकच तिसरा देश.’

‘त्याइच्या घरी जागा नाही का, दुसऱ्याच्या अंगणात कायले बसतात?’

अर्पित हसला आणि त्याला खोकला आला. ‘आई, किती अंगणात बसले हायेत ते त्याइलेच पाठ नसन.’

ती फौज ज्या देशाची, त्याने आपल्या आजारी शिपायांसाठी कायदा केला होता. धूर मान्य केला होता, उपचार दिले होते. आता तिकडच्याच काही वकिलांनी तळावरच्या परक्या कामगारांची यादी करायला घेतली होती. यादीत नाव गेलं तर उपचार मिळतील, महागडी औषधं सुरू होतील, असं ते म्हणत. पुरावा एकच चालणार होता, तळाचं ओळखपत्र. आणि बाहेर पडताना ते फाटकावर जमा करावं लागायचं, त्यामुळे ते कुणाकडेच नव्हतं.

अर्पितकडे होतं. ती फौज तिथून निघाली ती सांगून निघाली नाही. एका सकाळी अर्पितच्या कोठारातून चारशे माणसांचा नाश्ता गेला, तो मांडला गेला, आणि खायला कुणी आलं नाही. फाटकही उघडं होतं. कार्ड घेणारा पहारेकरी उरला नव्हता. म्हणून ते कोटाच्या आतल्या खिशात तसंच राहिलं.

‘आन कोट?’ पानाबाईंनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांना आठवलं.

अर्पितने फाटकाकडे पाहिलं. त्याने रागावून बोलायला हवं होतं असं त्यांना फार वाटलं.

भागिरथेला शोधायला आठ दिवस गेले. यादी महिनाअखेरीस बंद होणार होती. ती सापडली तेव्हा तिला तो कोट पक्का आठवत होता.

‘आठवन नाही तं का. घोंगड्यावानी जड. वरीसभर कोनी हात नाही लावला त्याले. मंग मेडशीच्या जगदेवनं नेला. आंगात घालाले नाही बाई, वावरात उभा कराले.’

दुसऱ्या दिवशी मायलेक एसटीने निघाले. शेलूबाजार, मालेगाव, मग मेडशी. जगदेवचं वावर गावापासून कोसभर होतं. अर्पित चार ठिकाणी बसला. पानाबाईंनी दर वेळी चप्पल झटकण्याचं निमित्त केलं.

तूर शेंगांवर आली होती. मधोमध तो उभा होता. डोक्याच्या जागी चुना फासलेलं मडकं, आडव्या काठीत घातलेल्या बाह्या आणि छातीवर परक्या फौजेची पट्टी.

‘लय कामाचा गडी हाय,’ जगदेव म्हणाला. ‘तूर खानारे रोही याच्या वाऱ्याले उभे राहात नाहीत. तुमचा व्हता का, दादा?’

‘माझाच.’

‘मंग घेऊन जा. पण तूर घरी येऊ द्या, मावशी. मी सोता आनून देतो कारंजाले.’

‘कोट नको आमाले,’ पानाबाई म्हणाल्या. ‘खिसा पाह्यचा हाय.’

आतल्या खिशाच्या चेनवर कुंभारीण माशीने घर केलं होतं. सुपारीएवढ्या, तोंड बंद केलेल्या मातीच्या तीन कुप्या. आत अळ्या असतात हे पानाबाईंना माहीत होतं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला असंच एक घर होतं आणि ती खिडकी त्यांनी पूर्ण एक वर्ष उघडली नव्हती.

अर्पितने हात पुढे केला.

‘तू राहू दे,’ त्या म्हणाल्या. ‘मी टाकला व्हता, मीच काढतो.’

‘मावशी, काडी घ्या,’ जगदेव म्हणाला.

त्यांनी काडी घेतली नाही. ओठ हलवत काहीतरी म्हटलं आणि नखाने पहिली कुपी फोडली. मग दुसरी. तिसरीतलं पांढरं काहीतरी त्यांच्या बोटाला लागलं, वळवळलं. त्यांनी चेन ओढली.

कार्ड शाबूत होतं. फोटोतला अर्पित गालांनी भरलेला होता. नाव, नंबर, तळाचं नाव, तारखा, सगळं लख्ख.

‘हाय ना? चालते ना हे?’

‘चालते, आई.’ कितीतरी दिवसांनी त्याच्या आवाजात जीव आला. ‘तळहातावर धर. फोटो काढतो. दोन्ही बाजू मागितल्या हायेत.’

पुढच्या बाजूचा फोटो निघाला. त्यांनी कार्ड उलटलं. अर्पितने फोन वर केला आणि तसाच धरून उभा राहिला.

‘काय लिहिलं हाय?’

‘लिहिलं हाय,’ तो सावकाश वाचू लागला, ‘की हा मानूस फौजेचा नोकर नाही. फक्त फाटकातून आत येण्यापुरतं हे कार्ड हाय. हे घेतलं म्हणजे त्याले कबूल हाय, की इथी जे काही होईन, त्याच्यासाठी तो फौजेवर कधीच दावा करनार नाही.’

वारा आला. कोटाच्या बाह्या हलल्या.

‘सहा वर्षं गळ्यात होतं. वाचलं नाही तुनं?’

‘ती बाजू छातीकडे राहे.’

पानाबाई हळू आवाजात म्हणाल्या, ‘पुढचीच पाठव.’

‘दोन्ही मागितल्या हायेत.’

‘मी म्हणून राह्यली ना, पुढचीच पाठव.’

जन्मात त्यांनी मुलाला असलं काही सांगितलं नव्हतं. अर्पितने त्यांच्याकडे पाहिलं. ‘लपवून काय होते, आई? छापलं तं त्याइनंच हाय.’ त्याने फोटो काढला आणि दोन्ही पाठवून दिले.

वकिलांचं उत्तर मेडशीच्या थांब्यावरच आलं, एसटीची वाट पाहताना. कार्ड मिळाल्याबद्दल आभार मानले होते. मागच्या बाजूच्या मजकुरामुळे तुमचं नाव यादीत घेता येत नाही, असं पुढे लिहिलं होतं. आणि शेवटी, लवकर बरे व्हा.

अर्पितने ते आईला वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीसकट. पानाबाईंनी ऐकलं. थांब्यामागे पाण्याचा नळ होता, पण त्या उठल्या नाहीत. नखांत माती तशीच होती.

‘तीन जीव व्हते,’ त्या म्हणाल्या.

तिकडे वावरात जगदेवने कोटाची बटणं लावून घेतली होती. तूर निघायला अजून महिना होता.